'रीबिल्ड'ला मराठीत नेमकं काय म्हणावं?

विचारणा, सॅन होजे

इथल्या शार्क्स या आइस हॉकी संघाचा सामना झाला की मी घरच्यांच्या आणि मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मराठीत चार ओळी लिहितो. दोन-तीन वर्षं एकाच शब्दाशी अडतोय: रीबिल्ड, म्हणजे जुना संघ ठरवून मोडायचा आणि नव्या पोरांवर पुन्हा उभा करायचा. 'पुनर्बांधणी' लिहून पाहिलं, पण मन मानत नाही.

संदर्भ थोडक्यात देतो. हा संघ २०१६ला स्टॅन्ली कपच्या, म्हणजे एनएचएल या लीगच्या करंडकाच्या, अंतिम फेरीत होता आणि २०१९ला त्याच्या एक पायरी अलीकडे. त्यानंतर २०२५पर्यंत बाद फेरी दिसलीच नाही. जुलै २०२२मध्ये माइक ग्रियर महाव्यवस्थापक झाले आणि जुने खेळाडू एकेक करून दुसऱ्या संघांत गेले. बर्न्स कॅरोलायनाला, मायर न्यू जर्सीला, कार्लसन पिट्सबर्गला, शेवटी मार्च २०२४मध्ये हर्टल वेगासला. कार्लसनचं बघा. २०२२-२३मध्ये त्यानं १०१ गुण (गोल आणि गोलला केलेली मदत मिळून) केले. ब्रायन लीचनंतर तीस वर्षांत कुठल्या बचावपटूला शंभरी गाठता आली नव्हती. तरीही संघ तळाशीच होता, आणि त्याच उन्हाळ्यात त्याला सोडलं.

पुढच्या हंगामात पहिले अकरा सामने हरलो. त्यातले लागोपाठ दोन घरच्या मैदानावर, व्हँकुव्हरकडून १०-१ आणि पिट्सबर्गकडून १०-२. दुसऱ्याला मी मुलीला घेऊन गेलो होतो. सातव्या-आठव्या गोलनंतर लोक उठून जायला लागले. पुढच्या रांगेतले एक आजोबा मात्र जुनी, धुऊन धुऊन फिकी पडलेली जर्सी घालून शेवटपर्यंत बसले होते. मुलीनं विचारलं, "बाबा, हे मुद्दाम हरतायत का?" तिला 'पुनर्बांधणी चालू आहे' असं सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे स्टेडियम बांधतायत?"

तर शब्द सुचवा.

पुणे

वृत्तपत्रात क्रीडा पानाचं काम केलंय, म्हणून सांगते. आम्ही 'संघबांधणी', 'पुनर्बांधणी', 'स्थित्यंतर' आणि 'संक्रमणाचा काळ' हे सगळे शब्द आलटून पालटून वापरायचो. २०१२मध्ये द्रविड आणि लक्ष्मण निवृत्त झाले, पुढच्या वर्षी सचिन गेला, तेव्हा 'संक्रमण' रोज छापून यायचं. पण त्यात आणि तुमच्या शब्दात फरक आहे. संक्रमण होतं, रीबिल्ड करतात. तिथे माणसं वयानं गेली, इथे चांगल्या चालत्या माणसांना ठरवून सोडलंय. त्यामुळे 'स्थित्यंतर' आणि 'संक्रमण' बाद. 'पुनर्बांधणी'त करणं आहे, म्हणून मी तिच्याच बाजूनं.

ठाणे

आमच्याकडे याला रोजच्या वापरातला शब्द आहे, पुनर्विकास. जुनी इमारत पाडायची आणि माणसांनी संक्रमण शिबिरात राहायचं. बिल्डर म्हणतो तीन वर्षं, होतात बारा. तुमच्या शार्क्सच्या प्रेक्षकांची स्थिती तीच वाटते. आणि 'जीर्णोद्धार' कुणी सुचवू नका. त्यात गाभाऱ्यातला देव तोच राहतो.

विचारणा, सॅन होजे

पुनर्विकासातली वाट बघणं अगदी बरोबर पकडलंत. पण इमारतीचा नकाशा आधीच मंजूर असतो, कितवा मजला कसा असेल ते ठाऊक असतं. इथे काय उगवेल ते कुणालाच माहीत नसतं. दर वर्षी संघ नव्या मुलांना आळीपाळीनं निवडतात, पण तळाला राहिलं की पहिली निवड मिळेलच असंही नाही, त्यासाठी लॉटरी असते. शेवटच्या संघाला पहिल्या निवडीची शक्यता फक्त २५.५ टक्के. २०२४ला ती लागली आणि सेलेब्रिनी हा मुलगा मिळाला. २०२५ला पुन्हा तळाला राहिलो, तर ३.५ टक्केवाले न्यूयॉर्क आयलंडर्स दहाव्या जागेवरून उडी मारून पहिले झाले. आम्हाला दुसरा क्रमांक मिळाला, त्यावर मिसा घेतला.

फ्रीमाँट

मीही शार्क्सचाच. मुलीच्या प्रश्नाचं खरं उत्तर द्या की! इंग्रजीत त्याला 'टँकिंग' म्हणतात आणि मराठीत सरळ 'नुरा कुस्ती'. मला हे सगळं पटलेलंच नाही. हर्टलनं २०२२मध्ये आठ वर्षांचा करार केला तो इथे राहायचं म्हणून, आणि दोनच वर्षांत त्याला पाठवला. तो आणि तेव्हाचा कर्णधार कुट्यूर यांच्याभोवती डागडुजी करत संघ उभा राहिला असता. पोरांनी हरायची सवय लावून घेतली तर ती मोडणार कोण?

कोल्हापूर

नुरा नको. नुरा म्हणजे दोन्ही पैलवानांनी आधी ठरवून केलेली कुस्ती. इथं समोरचा संघ जीव तोडून खेळतोय आणि तुमची पोरंही. बर्फावर उतरलेला कोण मुद्दाम हरत नसतो, त्याला पुढचा करार मिळवायचा असतो. संघ कमजोर ठेवलाय तो वरच्या माणसानं. मातीत उतरलेल्याला बोल लावणारा शब्द वापरू नये एवढंच म्हणणं.

बाकी 'टँक' शब्दाची गंमत आहे. मुष्टियोद्धा ठरवून आडवा पडला की अमेरिकेत त्यानं टँकमध्ये, म्हणजे पाण्यात, उडी घेतली म्हणायचे. आणि पाण्याचा तो टँक इंग्रजीत गेला आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून असं त्यांचे कोश सांगतात. गुजराती-मराठीतलं टांकं, गडावर असतं ते टाकं, आणि त्याला पोर्तुगीज 'टान्के'ची जोड. शार्क्सच्या मैदानालाही लोक 'शार्क टँक' म्हणतात ना?

विचारणा, सॅन होजे

म्हणतात. हे आजच कळलं, मुलीला नक्की सांगणार.

आता माझ्या वडिलांचं सांगतो, कारण त्यांच्या बोलण्यातून एक शब्द मिळालाय आणि तो तुमच्याकडून तपासून घ्यायचाय. आबा वाळव्याकडचे ऊसकरी. १०-२ झाल्यावर फोनवर त्यांना सगळा इतिहास सांगितला. २०१९मध्ये आधीच्या व्यवस्थापनानं कार्लसनशी आठ वर्षांचा करार केला, वय वाढलेल्या संघालाच पुढे रेटलं, आणि कार्लसनला ओटावाकडून आणताना दिलेल्या निवडीवर २०२०मध्ये त्या संघानं तिसऱ्या क्रमांकावर श्ट्युत्स्ला घेतलं. आबा म्हणाले, "खोडवा लई दिवस ठिवला की असंच हुतंय. आनि बेणं दुसऱ्याच्या रानात दिलासा. आता खोडवा मोडायचा आनि नवी लागण करायची."

खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा घेतलेलं पीक, लागण म्हणजे नवं बेणं (उसाची कांडी) लावून केलेलं. माझ्या मते सारा वाद या दोन शब्दांत बसतो. फ्रीमाँटवाल्या मित्रांना खोडवा ठेवायचा होता. खर्च कमी, पीक लवकर, पण वजन घटत जातं. ग्रियरनं खोडवा मोडून लागण केली, तीही आडसाली. दीड वर्ष रान अडकून पडतं, पण ऊस भरतो. आणि २०२४च्या उन्हाळ्यात घेतलेले टोफोली, वेनबर्ग? ते आंतरपीक. ग्रॅनलंडचंही तेच: कार्लसनच्या बदल्यात आला, दीड हंगाम खेळला, आणि फेब्रुवारी २०२५मध्ये डॅलसला गेला तो पहिल्या फेरीची निवड देऊन. लागण मोठी होईपर्यंत आंतरपिकानं खर्च भागवला.

कोल्हापूर

चपखल! त्यात एक भर. खोडवा ठेवायचाच तर बुडखे जमिनीलगत छाटावे लागतात, तरच फुटवा खालून जोमानं येतो. वरच्या डोळ्यांचा फुटवा लेचापेचा असतो. म्हणजे डागडुजीलाही कोयता लागतोच, नुसतं पाणी पाजून भागत नाही.

टोरांटो

लागण केली म्हणजे जिंकलं, असं नाही हो. आमच्या मेपल लीफ्सनी हेच केलं. २०१६ला पहिल्या क्रमांकावर मॅथ्यूज घेतला, ऊस डोक्याएवढा वाढला. नियमित हंगामात गुणच गुण, पण तेव्हापासून २०२५पर्यंत बाद फेरीतल्या मालिका जिंकल्या फक्त दोन, २०२३ आणि २०२५मध्ये. १९६७नंतर कप नाही. माझ्या सासऱ्यांच्या भाषेत, टनेज आहे पण उतारा, म्हणजे उसातली साखर, नाही. आणि पलीकडचं बफेलो बघा. २०१५ला आयकेल, २०१८ला डालीन, २०२१ला पॉवर, बेणं एकाहून एक. तरी २०११नंतर २०२५पर्यंत बाद फेरी नाही. आयकेलनं कप उचलला तो वेगासला जाऊन.

पुणे

मग बफेलोला काय म्हणायचं? दर तीन वर्षांनी नवी लागण?

टोरांटो

रान खराब झालंय म्हणायचं. चांगलं बेणंही तिथे धरत नाही. ताग पेरून खतासाठी गाडायला हवा आधी. म्हणजे प्रशिक्षक, सराव, जखमांची काळजी, पोरांच्या अंगाखांद्यावर हात ठेवणारी वडीलधारी माणसं.

विचारणा, सॅन होजे

आमच्याकडे ते झालंय असं मला मनापासून वाटतं. सेलेब्रिनी पहिल्या वर्षी जो थॉर्नटनच्या घरी राहायला होता. अठरा वर्षांचा मुलगा, आणि जेवणाच्या टेबलावर समोर शार्क्सचा सगळ्यात लाडका जुना कर्णधार. ७० सामन्यांत ६३ गुण केले त्यानं.

फ्रीमाँट

हे मान्य. हर्टलचं दुःख मात्र राहणारच, त्याला शब्द शोधू नका. पण 'खोडवा' मुंबईच्या वाचकाला कळेल का?

पुणे

एकदा समजावला की कळेल. मी माझी 'पुनर्बांधणी' मथळ्यापुरती ठेवते. आत मजकुरात 'नवी लागण' लिहा आणि पहिल्या वेळी एक वाक्य खर्च करा.

विचारणा, सॅन होजे

तसंच करतो. मिसाला घेतलं तेव्हा आबांना सांगितलं तर पहिला प्रश्न, "वय किती?" अठरा म्हणालो. "मग याला औंदा पानी बेतानं. लगेच तोडायला जाऊ नगा म्हनावं त्येस्नी."