कापड रबरासारखं ताणतंय, न्यूरल नेट फुगतंय

चौकट६०: संगणकावर कापडाचं सिम्युलेशन करतोय: ६४ × ६४ कणांची जाळी, वरचे दोन कोपरे अडकवलेले. पीबीडी (कणांची स्थानं थेट दुरुस्त करून त्यांच्यातली अंतरं राखणारी पद्धत), फ्रेममागे २० इटरेशन (दुरुस्तीच्या फेऱ्या), ६० एफपीएस (सेकंदाला ६० फ्रेम). कापड लोंबतं, फ्रेमरेट ३० वर घसरला की आणखी सैल पडतं. ४० इटरेशन केली तर ताठ होतं, पण वेळ दुप्पट लागतो. याच सिम्युलेशनच्या डेटावर ग्राफ न्यूरल नेटही (कण आणि त्यांना जोडणाऱ्या कडांवरून पुढची स्टेप वर्तवणारं मॉडेल) शिकवलंय. एका स्टेपची चूक नगण्य, पण स्वतःचंच आउटपुट परत खायला दिलं की दोनशे फ्रेममध्ये कापड फुगतं. सुरुवात कुठून करू?

विणकर: पीबीडीतला ताठपणा इटरेशन आणि डीटी (एका स्टेपचा वेळ) मिळून ठरवतात, कापड नाही. २०१६ चं एक्सपीबीडी (पीबीडीची सुधारित आवृत्ती) घ्या. त्यात अल्फा (कापडाचा सैलपणा; शून्य म्हणजे अजिबात न ताणणारं) डीटीच्या वर्गाने भागून वापरतात. तो भागाकार राहिला की पुन्हा तीच रड. मग २० इटरेशनऐवजी १० सबस्टेप (फ्रेमचे छोटे भाग), प्रत्येकात एकच इटरेशन. डीटी १.६७ मिलिसेकंद होतो, आणि लॅम्डा (प्रत्येक बंधनाच्या दुरुस्तीची साठत जाणारी बेरीज) दर वेळी शून्यापासून सुरू होत असल्याने साठवावाही लागत नाही. टकरींचा ढोबळ शोध (कोण कोणाजवळ आहे एवढंच पाहणं) मात्र फ्रेममागे एकदाच, नाहीतर सगळी बचत तिथेच संपेल.

फ्रेमला लागलेला वेळ थेट डीटी म्हणून देऊ नका. डीटी कायम ठेवा, उरलेला वेळ पुढच्या फ्रेमला जोडा, आणि त्यावर मर्यादा घाला. नाहीतर एक फ्रेम रखडली की पुढच्या सगळ्या रखडतात.

जीपीयूवर एका कणावर दोन थ्रेड (समांतर चालणारी कामं) एकदम लिहिणार नाहीत असे कण जोडणाऱ्या बंधनांचे गट पाडा: आडवे २, उभे २, तिरपे ४, एकूण ८. ते न केल्यास कापड विनाकारण थरथरतं, आणि लोक दोष डॅम्पिंगला (हालचाल शांत करणाऱ्या अवरोधाला) देत बसतात.

मेसेजपास: नेटचं दुखणं वेगळं आहे. शिकताना त्याने फक्त स्वच्छ इनपुट पाहिलंय, स्वतःच्या चुकांनी मळलेलं नाही. ट्रेनिंगमध्ये इनपुटच्या स्थानांत, साधारण एका स्टेपच्या चुकीएवढा नॉइज (यादृच्छिक फरक) मिसळा आणि टार्गेट (अपेक्षित उत्तर) त्यानुसार दुरुस्त करा. आउटपुट म्हणून स्थान नको, त्वरण घ्या. शिवाय १५ थर असतील तर माहिती १५ कडांपुढे जात नाही. खालच्या टोकाला वरचा कोपरा ६३ कडा लांब. तिथला ताण त्याच स्टेपमध्ये कळणार कसा? दूरचे कण जोडणाऱ्या थोड्या लांब कडा घाला. आणि १/६० सेकंदाच्या डीटीवर शिकवलेलं नेट १/३० वर चालवू नका.

चौकट६०: एक्सपीबीडी बसवलं, झोळ गेला. पण खालच्या काठाला शंभरपट जड मणी लावले की अल्फा शून्य असूनही ताणतं.

विणकर: वस्तुमानांतली एवढी तफावत एका इटरेशनला झेपत नाही. २० सबस्टेप करा. डीटी निम्मा झाला की ताण साधारण चौथाईवर येतो.