मार्टिन काहिल आणि ‘फक्त श्रीमंतांना लुटणारा’ ही समजूत

आयर्लंडमधला कुख्यात टोळीप्रमुख मार्टिन काहिल याने बँका आणि धनिकांनाच लुटले, सामान्य माणसाला त्याची झळ कधी लागली नाही, असे काही जण म्हणतात; हे मत मला मान्य नाही. त्याचे बालपण डब्लिनमध्ये दारिद्र्यात गेले आणि पोलिसांना हुलकावणी देण्यात तो तरबेज होता, इथपर्यंत ठीक. पण १९८३ साली हॅरल्ड्स क्रॉस भागातील ओकॉनर यांच्या दागिन्यांच्या कारखान्यातून त्याच्या टोळीने सुमारे २० लाख पौंडांचे सोने आणि हिरे पळवले, त्यानंतर तो कारखाना बंद पडला आणि शंभराहून अधिक कामगारांचा रोजगार गेला. हे कामगार काही श्रीमंत नव्हते.

इथे एक नाव मला आवर्जून घ्यावेसे वाटते, ते डॉ. जेम्स डोनोव्हन यांचे. सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले हे शास्त्रज्ञ सशस्त्र दरोड्याच्या एका खटल्यात काहिलविरुद्ध पुरावा देणार होते, म्हणून जानेवारी १९८२ मध्ये त्यांच्या मोटारीत बॉम्ब ठेवण्यात आला. ते वाचले, परंतु पायांना झालेल्या गंभीर इजांच्या वेदना त्यांना पुढे कायम सोसाव्या लागल्या आणि तरीही ते कामावर परतले. १९८६ साली काहिलच्या टोळीने आयर्लंडमधल्या रसबरो हाउस या हवेलीतून चोरलेल्या अठरा चित्रांविषयी, त्यातल्या डच चित्रकार व्हर्मीरच्या चित्राविषयी, सगळेच भरभरून लिहितात. व्हर्मीरचे ते चित्र १९९३ मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्पला परत मिळाले. डोनोव्हन यांची गेलेली प्रकृती मात्र परत मिळण्यासारखी नव्हती.