मदत हवी आहे – गावात बायकांनी महिन्यातून एकदा एकत्र रांधायचं, कसं टिकवता?

नमस्कार ताई-दादा, बचत गट किंवा अंगणवाडीशी संबंध असलेल्यांनी प्लीज सांगा. सप्टेंबरात पोषण माह असतो तेव्हा आमच्याकडे पाककृती स्पर्धा होते, नाचणीचे लाडू, शेवग्याच्या पाल्याची थालीपीठं, टाकळा, कुर्डू सगळं टेबलावर मांडतात, फोटो निघतात आणि ऑक्टोबर उजाडला की पोरांच्या हातात परत पाच रुपयांचा पुडा. म्हणून गटात विचार चाललाय की दर महिन्याला एका अंगणात जमून रांधायचं आणि तिथंच जेवायचं, नव्या सुनांना गावात ओळख नसते त्याही येतील (मला तर तेच जास्त महत्त्वाचं वाटतं, भाजी काय कुठंही मिळते).

अंगणवाडीतून 3 ते 6 वर्षांच्या पोरांना गरम ताजा आहार मिळतो, गरोदर आणि स्तनदा बायकांचंही बघतात, पण चाळिशी ओलांडलेल्या आम्ही आणि सासवा त्या आहाराच्या यादीत नाही अन् हिमोग्लोबिन आमचंही कमीच.

आता अडचण अशी की शिधा प्रत्येकीनं घरून आणायचा की वर्गणी काढायची? वर्गणी म्हटलं की निम्म्या गळतात. दुसरं, स्पष्टच बोलते, काही घरं दुसऱ्या आळीतल्या बाईच्या हातचं खात नाहीत, हे तुम्ही कसं हाताळलंत? आणि परसबागेत उन्हाळ्यात शेवगा जगतो पण मेथी-पालक जळून जातात, सांडपाण्यावर अजून काय लावता येईल?