तान्हे बाळ आणि थीम पार्क : आपले अनुभव लिहा

सुट्टीत घरातल्या सगळ्यांनी मिळून थीम पार्कला जायचा बेत ठरतो आणि घरात दोन-अडीच वर्षांच्या आतले मूल असेल, तर तो तिथेच अडतो. बाळाला न्यायचे की आजीजवळ ठेवायचे? माझे स्पष्ट मत न्यावे असेच आहे. मात्र दिवसाची आखणी राइडच्या यादीवरून न करता बाळाच्या झोपेवरून आणि खाण्यावरून करावी. माहितीपत्रकात उंचीची अट दिलेली असते, पण अंधार किती, आवाज किती, दूध पाजायला जागा कुठे, सावली कुठे, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांच्याकडूनच कळते. म्हणून हा धागा. मुलाचे वय आणि ऋतू जरूर लिहावा. सुरुवात मी करते.

आमची लेक दीड वर्षाची असताना आम्ही जानेवारीत खोपोलीजवळच्या इमॅजिकाला गेलो होतो. थंडीचे दिवस निवडले ते मुद्दाम, कारण घाटाखालच्या त्या मोकळ्या माळावर एप्रिल-मे मधले ऊन मोठ्यांनाही सोसत नाही. दार उघडताच आत गेल्यामुळे सकाळच्या पहिल्या दोन तासांत रांगा फारशा लागल्या नाहीत आणि लहानांच्या राइड निवांतपणे झाल्या. घोड्यांच्या गोल चक्रात ती घोड्यावर बसायला तयार होईना. माझ्या कडेवरूनच तिने तो चकचकीत खांब दोन्ही हातांनी धरला आणि त्यात दिसणाऱ्या स्वतःच्या लांबुळक्या चेहऱ्याकडे चक्र थांबेपर्यंत बघत राहिली. भुताखेतांच्या सलीमगढकडे आम्ही वळलोच नाही. दुपारी वातानुकूलित उपाहारगृहाच्या कोपऱ्यात ती बाबागाडीत झोपली आणि तेवढ्या वेळात घरातली मोठी मुले नायट्रो या रोलर कोस्टरवर जाऊन आली. ही झोप झाली म्हणूनच संध्याकाळची मिरवणूक तिने टाळ्या वाजवत पाहिली.

नेदरलँड्सहून

लहान मुलांसाठी मला सर्वांत आवडलेली जागा म्हणजे काट्सहूवेलचे एफ्टेलिंग. 1952 साली तिथले परीकथांचे जंगल सुरू झाले आणि आजही त्या उद्यानाचा जीव त्या जंगलातच आहे. आन्तोन पीक या चित्रकाराच्या रेखाटनांवरून उभी राहिलेली ती वाकडी घरे, बोलणारे झाड आणि झोपलेली राजकन्या पाहायला उंचीची अट नाही आणि पट्ट्याने बांधून घ्यावे लागत नाही. झाडांखालून चालत राहायचे आणि मूल थांबेल तिथे आपण थांबायचे. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीटही नाही.

आमचा मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता. तिथे होले बोले खैस नावाचे लठ्ठ पुतळे आहेत. ते ‘पापीर हीर’, म्हणजे ‘कागद इकडे’, असे ओरडतात आणि तोंडाजवळ नेलेला कागद आत ओढून घेतात. खरे तर त्या कचरापेट्या आहेत, पण त्याला दुसरे काही नकोच झाले. वाटेतला प्रत्येक चिटोरा तो उचलायचा, हात पुतळ्याच्या तोंडाशी नेऊन हवेची ओढ लागताच बोटे सोडायचा आणि कागद गेला कुठे म्हणून वाकून पाहायचा. शेवटी माझ्या पर्समधल्या वाणसामानाच्या जुन्या याद्याही खैसच्या पोटात गेल्या. एक सावधगिरी सांगते : खजिन्यावर राखण करणारा ड्रॅगन कोणी खजिन्याला हात लावला की मान उचलून गरजतो. आमचा मुलगा त्याला फार घाबरला, म्हणून आधी लांबून दाखवावा. शरद ऋतूत तिथे पाऊस कधीही येतो, त्यामुळे बाबागाडीचे प्लास्टिकचे आवरण आणि मोज्यांचा जादा जोड जवळ असू द्यावा.

अमेरिकेहून

ताई, आपण दुपारच्या झोपेविषयी लिहिलेत ते ऑरलँडोला अगदी लागू पडते. उन्हाळ्यात तिथे दुपारनंतर गडगडाटी पाऊस वारंवार येतो आणि विजा चमकू लागल्या की बाहेरच्या राइड थांबवतात; ती वेळ खोलीवर जाऊन झोपण्यासाठीच ठेवावी. डिस्नेच्या उद्यानांत ‘रायडर स्विच’ नावाची सोय आहे. एक पालक बाळाजवळ थांबतो, दुसरा राइड करून येतो, आणि मग पहिल्याला पुन्हा मोठ्या रांगेत उभे राहावे लागत नाही. राइडच्या दाराशी कर्मचाऱ्याला तसे आधी सांगावे लागते. बाळांसाठीच्या केंद्रात दूध पाजायला शांत खोली, कपडे बदलायला टेबले आणि खाणे गरम करायला मायक्रोवेव्ह असतो. माझ्या आईने घरून आणलेले नाचणीसत्त्व आम्ही तिथेच भरवले. बाबागाड्या राइडबाहेर ठेवाव्या लागतात आणि कर्मचारी त्या सरकवून नीट लावतात, त्यामुळे परत आल्यावर शेकडो सारख्या गाड्यांतून आपली शोधावी लागते. आईने आमच्या गाडीच्या दांडीला खणाचा तुकडा बांधला होता, तो लांबूनही दिसायचा.

ठाण्याहून, एक बाबा

आमचा अनुभव चांगला नाही, पण उपयोगी पडेल म्हणून लिहितो. मे महिन्यात आठ महिन्यांच्या मुलाला घेऊन एका वॉटर पार्कला गेलो होतो. दाराशी पिशवी तपासताना खिमटाचा डबा बाहेर ठेवायला सांगितले. तान्ह्या मुलाचे खाणे आहे हे वरिष्ठांना समजावून सांगण्यात बराच वेळ उन्हात गेला. आत स्तनपानासाठी म्हणून जी खोली दाखवली, तिच्यात रबरी टायरी रचून ठेवल्या होत्या. पत्नीने शेवटी महिलांच्या कपडे बदलण्याच्या जागेत, बाकाच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून मुलाला पाजले. याचा मला आजही संताप येतो. तिकिटाचे पैसे घेणाऱ्या प्रत्येक उद्यानाने एक स्वच्छ खोली, एक खुर्ची आणि आतून कडी एवढे द्यायलाच हवे. जाण्याआधी दूरध्वनी करून बाळाच्या खाण्याविषयी आणि या खोलीविषयी विचारावे. आणखी एक : ऊन लागू नये म्हणून बाबागाडीवर दुपटे टाकून ती चहूबाजूंनी झाकू नये, आत हवा कोंडून उष्णता वाढते. साधा डायपर पाण्यात फुगतो, पोहण्याचा वेगळा मिळतो तो न्यावा.

डोंबिवलीहून, एक आजी

1989 साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले, त्यानंतर काही वर्षांनी आम्ही बोटीतून मुलांना घेऊन गेलो होतो. तेव्हा धाकट्याला झोळीसारख्या ओढणीत बांधून घेतले होते. आता नातवाबरोबर दुसऱ्या उद्यानांत जाते. सुनेला मी आधीच सांगून ठेवते की सावलीतले बाक माझे, मूलही माझ्याजवळ, तुम्ही दोघे निर्धास्त जाऊन या. मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांना दिवसभर पिशव्यांजवळ बसवून ठेवू नये. आम्हालाही एखाद्या संथ राइडमध्ये नातवाबरोबर बसायचे असते.

बंगळुरूहून

मी थोडे वेगळे मत मांडते. माझी मुलगी मोठ्या आवाजाने दचकते. तिला तीन वर्षांची होईपर्यंत कुठल्याही थीम पार्कला नेले नाही, त्याऐवजी कब्बन पार्कमध्ये नेत राहिलो. प्रत्येक मूल दोन वर्षांचे झाले की तयार असतेच असे नाही. जत्रेतल्या पाळण्याजवळ किंवा लग्नाच्या वरातीत मूल कसे राहते, हे पाहून ठरवावे.

धागाकर्ती

आपले म्हणणे पटले. जत्रेची कसोटी मी माझ्या बहिणीलाही सांगणार आहे. तिचा मुलगा वरातीतला बँड ऐकून कान झाकतो. कान झाकणारे मऊ हेडफोन एवढ्या लहान मुलांनी घालून ठेवल्याचा कोणाला अनुभव असल्यास कृपया लिहावे.