लुबुंटू टाकलं म्हणजे उबुंटूच टाकलं ना?

घोडबंदरकर
मानपाड्याला आमच्या सोसायटीच्या अभ्यासिकेत ४ जीबी रॅमचे जुने पीसी आहेत. त्यांच्यावर लुबुंटू (उबुंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचं हलकं रूप) टाकूया म्हटलं, तर कमिटीतले एकजण म्हणाले, "खरं उबुंटू टाका, डुप्लिकेट नको." मला हे अजिबात पटलेलं नाही. कर्नल (सिस्टिमचा गाभा) तोच, पॅकेजेस (प्रोग्रॅम) त्याच रिपॉझिटरीतून (ऑनलाइन साठ्यातून) येतात, एप्रिल-ऑक्टोबरच्या आवृत्त्याही उबुंटूच्या बरोबरीने निघतात. साध्या उबुंटूवर 'लुबुंटू-डेस्कटॉप' हे पॅकेज टाका. लॉगिन करताना नावावर क्लिक केलं की खाली कोपऱ्यात चक्र दिसतं, तिथून दुसरा डेस्कटॉप निवडता येतो. मशीन तेच, फाइल्स त्याच. मूळ उबुंटूत ग्नोम हा डेस्कटॉप असतो, लुबुंटूत हलका एलएक्सक्यूटी, एवढाच काय तो फरक. ग्नोमवर फायरफॉक्सचे चार टॅब उघडले की हे पीसी धापा टाकतात. मुलांनी अभ्यास करायचा की वाट बघत बसायचं?

नेरूळवासी
डुप्लिकेट म्हणणं चूकच. पण "उबुंटूच" म्हणून विषय संपवू नका. एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणाऱ्या) आवृत्तीला मूळ उबुंटूत ५ वर्षं अपडेट मिळतात, लुबुंटूसारख्या फ्लेवर्सना (उबुंटूच्या अधिकृत उपप्रकारांना) ३. म्हणजे एप्रिल २०२४ मध्ये आलेलं २४.०४ लुबुंटू एप्रिल २०२७ पर्यंत, उबुंटू २०२९ पर्यंत. अभ्यासिकेला पगारी माणूस नसतो, तिथे दोन वर्षं फार मोठी असतात.

शिवाय फ्लेवर्स चालतात स्वयंसेवकांच्या जिवावर. खास शाळांसाठी असलेलं एज्युबुंटू १४.०४ नंतर थांबलं ते थेट २०२३ मध्ये परत आलं. मधल्या काळात त्यावर विसंबलेल्या शाळांनी काय करायचं?

कळवेकर
मिंट टाका की! तेही उबुंटूच.

घोडबंदरकर
@कळवेकर, नाही हो. मिंट उबुंटूवर उभं आहे, पण त्याची स्वतःची रिपॉझिटरी आहे आणि निर्णयही त्यांचे ते घेतात. ते अधिकृत फ्लेवर नाही. चांगलं आहे, पण इथला मुद्दा वेगळा.

@नेरूळवासी, तीन वर्षांनी सगळंच बंद पडत नाही. कर्नल, ओपनएसएसएल (इंटरनेटवरच्या एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर) असा जो पाया आहे, त्याचे अपडेट पाचही वर्षं येतात. थांबतात ते पॅनल, फाइल मॅनेजर अशा डेस्कटॉपच्या खास भागांचे. आणि कंपनीचा तरी काय भरवसा? युनिटी (उबुंटूचा जुना डेस्कटॉप) उबुंटूवाल्या कॅनॉनिकल कंपनीचं स्वतःचं, तरी २०१७ मध्ये त्यांनीच ते सोडलं. पुढे स्वयंसेवकांनी सांभाळलं आणि २२.१० पासून उबुंटू युनिटी अधिकृत फ्लेवर झालं. कुबुंटू या फ्लेवरचंही तेच. २०१२ मध्ये कॅनॉनिकलने त्याचा पैसा थांबवला, तरी ते आजही निघतं.

नेरूळवासी
कुबुंटू टिकलं त्यात ब्लू सिस्टिम्स या कंपनीने दिलेल्या आधाराचा वाटा होता, तो विसरू नका. प्रत्येक फ्लेवरला असा पाठीराखा मिळत नाही. आणि फाइल मॅनेजरमध्ये सुरक्षेचं भोक राहिलं तर? अभ्यासिकेत दिवसभर कोणाकोणाचे पेनड्राइव्ह लागतात. मी रॅम ८ जीबी करून मूळ उबुंटूच टाकलं असतं.

घोडबंदरकर
रॅमचा खर्च कमिटीने आधीच नाकारलाय. म्हणून तर हा धागा काढला.

नेरूळवासी
मग लुबुंटू टाका. पण एप्रिल २०२७ च्या आधी अपग्रेड कोण करणार, ते नाव आत्ताच सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या.