दर्शनी भागात तंबाखू टांगण्यास बंदी असावी का?

शिक्षिका, चामोर्शी तालुका
दुकानात तंबाखूजन्य वस्तू दर्शनी भागात मांडण्यास आइसलँडने 2001 मध्ये, आयर्लंडने 2009 मध्ये बंदी घातली आणि इंग्लंडमध्ये 2015 पासून ती लहान दुकानांनाही लागू झाली. आपल्याकडे 2003 च्या कायद्याने जाहिरातीला आणि अठरा वर्षांखालील मुलांना होणाऱ्या विक्रीला मनाई केली. तरीही आमच्या शाळेच्या वाटेवरील दुकानात, गोळ्या-बिस्किटांच्या बरण्यांच्या अगदी वर, तंबाखूच्या पुड्यांच्या चकचकीत माळा लोंबत असतात. वही घ्यायला गेलेले पोर रोज तेच पाहते. ही बंदी आपल्याकडेही व्हावी, असे माझे ठाम मत आहे.

पानठेलाचालक, ब्रह्मपुरी
ताई, तुमची काळजी रास्त आहे, पण तुम्ही दिलेली उदाहरणे सिगारेटच्या देशांतली आहेत. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के, तर धूरविरहित तंबाखू खाणारे 24.4 टक्के आढळले. आपल्याकडे चालतो तो खर्रा, आणि तो कोणी मांडून ठेवत नाही. गिऱ्हाईक आले की सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घेऊन समोरच घोटून देतात. गुटख्यावर 2012 पासून राज्यात बंदी असूनही तो चोरून विकला जातो. आता पडदा लावायला सांगितला, तर त्यामागे काय विकले जाते हे तपासायला आलेल्यालाही दिसणार नाही.

आशा सेविका, गडचिरोली जिल्हा
भाऊ, समोर बसून खर्रा घोटणे हेच तर प्रदर्शन आहे. बाजाराच्या दिवशी ठेल्याभोवती उभी असलेली मुले ते घोटणे पाहतच मोठी होतात, म्हणून बंदीत त्याचाही समावेश हवा. शिवाय प्रश्न केवळ मुलांचा नाही. ज्याने मोठ्या कष्टाने तंबाखू सोडला, तो मीठ-तेल आणायला गेला तरी पुडी डोळ्यांसमोर येते आणि हात पुन्हा तिकडेच जातो; गृहभेटीत बायका हेच सांगतात. जिल्ह्यात 2016 पासून चालू असलेल्या मुक्तिपथ या दारू-तंबाखूमुक्तीच्या अभियानात काही गावांनी ग्रामसभेत ठरवून विक्रीच थांबवली, त्यामुळे गावाने मनावर घेतले तर हे होऊ शकते.

पानठेलाचालक, ब्रह्मपुरी
ठरावाला माझा विरोध नाही. गावाने एकमताने ठरवले तर मीही माळा उतरवीन. मात्र त्या माळा कोठे लावायच्या हे मला पुरवठादाराचा माणूस सांगून जातो आणि दंड भरायची वेळ आली की तो कोठेच नसतो. नियम करायचा असेल तर त्यात आधी पुरवठादाराची जबाबदारी लिहा, मग ठेलेवाल्याची.