मदत हवी आहे: गावच्या घरावर कोणता अँटेना लावू? (चोपडा तालुका)

सातपुडापायथा

मंडळी, आई-आप्पा गावी दोघंच असतात, मी पुण्यात. आप्पांना बातम्या आणि शेतीचे कार्यक्रम हवेत, आईला संध्याकाळी सह्याद्री. बस, एवढीच मागणी. केबलवाल्याने पावसाळ्यात तुटलेली वायर अजून जोडलेली नाही. दर महिन्याला रिचार्ज मारायचा डीटीएच आप्पांना मुळातच नको. "दोनशे चॅनेलचे पैसे भरू अन् पाहू दोनच?" या त्यांच्या सवालावर माझ्याकडे उत्तर नाही. मोबाइलला रेंज गच्चीवर गेलं तरच, त्यामुळे इंटरनेटवर टीव्ही वगैरे सुचवू नका.

घराचा मागचा भाग धाब्याचा (मातीचं सपाट छप्पर), पुढे स्लॅब. स्लॅबवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचा जुना अँटेना अजून उभा आहे. काड्या वानरांनी वाकवून टाकल्यात, पाइप मात्र भक्कम. नव्या टीव्हीच्या पुस्तिकेत 'डीव्हीबी-टी२' (म्हणजे जमिनीवरच्या मनोऱ्यावरून येणारं डिजिटल प्रक्षेपण पकडायची सोय) असं छापलंय. एक दुकानदार म्हणतो, मग 'डिजिटल अँटेना' घ्या बूस्टरसकट, छत्रीची गरजच नाही. ऑनलाइन बघावं तर तसल्या अँटेनांवर शेकडो किलोमीटरची रेंज लिहिलेली. दूरदर्शनचं असं डिजिटल प्रक्षेपण २०१६ मध्ये ज्या शहरांत सुरू झालं त्यांत संभाजीनगर आणि इंदूर दोन्ही होती, आणि आम्ही बरोबर दोन्हींच्या मधे! अँटेना नेमका कुठे तोंड करून लावायचा, किती उंच, बूस्टर कितीचा? दसऱ्याला गावी जातोय, तेव्हाच काम उरकायचं आहे.

केळीबाग

काय भो, पाइप वीस फुटी घ्या अन् बूस्टर लावा. आमच्याकडे पूर्वी तसंच होतं, एक नंबर चित्र यायचं.

गिरणाकाठ

पूर्वी यायचं, कारण तेव्हा जवळपास लघुप्रक्षेपण केंद्रं होती. ती जुनी ॲनालॉग केंद्रं प्रसार भारतीने टप्प्याटप्प्याने बंद केली. मोजकी सोडून बाकीच्यांसाठी मार्च २०२२ ही मुदत होती. आता तुमच्याकडे आकाशात पकडायलाच काही नाही, मग काड्या सोन्याच्या लावा की चांदीच्या.

संभाजीनगर चोपड्यापासून सरळ रेषेत दीडशे किलोमीटर, मधे अजिंठ्याचे डोंगर. इंदूर त्याहून थोडं लांब आणि मधे अख्खा सातपुडा. या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. मनोरा दीडशे मीटर उंच आणि तुमचा अँटेना दहा मीटरवर धरला तरी सपाट जमिनीवर साठ-पासष्ट किलोमीटरला पृथ्वीचा बाक आडवा येतो. बूस्टर आलेला सिग्नल वाढवतो, न आलेला आणत नाही. खोक्यावरचे शेकडो किलोमीटर खोक्यावरच राहू द्या.

तुमच्या मागणीला डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची उपग्रहावरून छत्रीवर येणारी मोफत सेवा, पुरेशी आहे. एकदाच खर्च, महिन्याला काही नाही, आणि सह्याद्री त्यावर आहे. साठ सेंटिमीटरची छत्री चालते. मी पंचाहत्तरची घ्या म्हणेन, कारण जोराच्या पावसात चित्र कमी वेळा जातं. पुस्तिका पुन्हा नीट वाचा. 'डीव्हीबी-एस२' (उपग्रहाचा सिग्नल टीव्हीतच पकडायची सोय) असंही लिहिलं असेल तर सेट टॉप बॉक्सही लागणार नाही. नसेल तर बॉक्स एमपेग-४ चाच (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत) घ्या, जुन्या एमपेग-२ बॉक्सवर सगळे चॅनेल दिसत नाहीत.

सातपुडापायथा

गिरणाकाठ, दुकानदाराकडचे पैसे वाचवलेत! पण छत्रीचं तोंड कुठे? आग्नेयेला शेजाऱ्यांचा मोठा निंब आहे. तोडा म्हणायची सोय नाही, त्याच्या सावलीत अर्धी गल्ली बसते.

गिरणाकाठ

नेमकी तीच दिशा. फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. तुमच्याकडून तो उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने १३८ अंशांवर, म्हणजे आग्नेयेला, आणि क्षितिजापासून ५८ अंश वर. बराच वर आहे, म्हणून निंबाला घाबरू नका. झाडाचा शेंडा छत्रीपेक्षा तीस फूट उंच असेल तर झाडापासून वीस-पंचवीस फूट लांब सरकलं की पुरे.

दसऱ्याला जाताय तर मोजमापाचीही गरज नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या काही दिवसांत सकाळी अकराच्या सुमारास सूर्य बरोबर त्या उपग्रहाच्या मागे असतो. त्या वेळी स्लॅबवर जाऊन बघा: निंबाची सावली जिथे नाही, थेट ऊन आहे, तिथे छत्री ठोका. (त्याच दिवसांत त्याच वेळी सूर्याच्या लहरींत उपग्रहाचा सिग्नल बुडून काही मिनिटं चित्र जाईल, मार्चमध्येही पुन्हा जाईल. आप्पांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तुम्हाला पुण्यात फोन येईल.)

जुळवताना बॉक्सवर 'स्ट्रेंथ' बघत बसू नका, ती उपग्रह नसला तरी दिसते. 'क्वालिटी'चा आकडा बघा. तो सर्वात वर गेला की बोल्ट आवळा आणि मग एलएनबी (छत्रीसमोरच्या दांड्यावरचा सिग्नल घेणारा डबा) त्याच्या पकडीत थोडा थोडा फिरवून अजून वाढतो का पाहा. हे शेवटचं बरेच फिटर करत नाहीत आणि पहिल्या पावसात चित्राचे चौकोन पडतात.

केळीबाग

बरं, बूस्टर राहू द्या. पण वानरांचं काय? छत्रीवर बसली की दिशा गेलीच. आम्ही पाइपाला बाभळीच्या काट्याच्या फांद्या तारेने गुंडाळतो.

सातपुडापायथा

काटे नक्की. शेवटचं एक: जुन्या पाइपावरच छत्री बसवली तर? उंचीही आयती मिळेल.

गिरणाकाठ

छत्रीला उंचीचा काहीच फायदा नाही, उलट उंच पाइप वाऱ्याने हलतो आणि छत्री जराशी सरकली तरी सिग्नल जातो. पाइप तीन फुटांवर कापून घ्या, किंवा सरळ स्लॅबमध्ये बोल्ट मारून स्टँड बसवा. धाब्याला मात्र भोक पाडू नका, पावसाळ्यात तिथूनच गळेल. वायर आरजी-६ (छत्रीची जाड गोल केबल) घ्या, जुनी पट्टी वायर काढून टाका. आणि वायर भिंतीत शिरते त्याच्या आधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथे ठिबकेल, टीव्हीपर्यंत येणार नाही.